१५ वर्षांच्या गाडीचं रिपासिंग आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स : ११ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी पेट्रोल गाडी ऑगस्ट २००९ची. १५ वर्षं भरत आली म्हणून जुलै २०२४ मध्ये रिपासिंग (म्हणजे आरटीओत गाडी दाखवून रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवणं) करून घेतलं, आता आरसी (रजिस्ट्रेशन) ऑगस्ट २०२९ पर्यंत आहे. तेव्हा ज्याला विचारावं तो "विकून टाक" एवढंच म्हणायचा, म्हणून ११ महिने रोज गाडी चालवल्यावर आणि मधे एक अपघात झाल्यावर सगळं सविस्तर लिहितेय.

खर्च आधी सांगते. रिन्युअल फी ५००० (एप्रिल २०२२ च्या आधी हीच ६०० होती), पर्यावरण कर पाच वर्षांचा ३०००, स्मार्ट कार्ड २००. रिन्युअलचा अर्ज, म्हणजे फॉर्म २५, रजिस्ट्रेशनची मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतो, उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० जादा. एका एजंटने मला १८ हजार सांगितले, वर म्हणाला मॅडम गाडी आणायची पण गरज नाही. मी तिथूनच परत आले. गाडी न बघता मिळालेल्या कागदावर मी मुलांना मागे बसवून घाट कसा उतरणार?

तपासणीच्या आठवडाभर आधी गाडी मिस्त्रीकाकांकडे नेली आणि म्हटलं, काका, आरटीओत काय बघतात ते सोडा, तुमच्या मुलीची गाडी आहे असं समजून बघा. त्यांनी जॅकवर घेतली तर पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेक होसला (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीला) चिरा पडलेल्या, मागचे ब्रेक लायनर संपत आलेले, स्टीअरिंगच्या टाय रॉड एंडला प्ले (ढिलेपणा), दोन टायर खुणेपर्यंत झिजलेले, आणि मागच्या एका सीट बेल्टचं बकल लॉकच होत नव्हतं. मागे बेल्ट कोणी लावतच नव्हतं, त्यामुळे इतकी वर्षं कळलंच नाही, आणि तिथे माझी धाकटी बसते. १९ हजार गेले. एका रुपयाचंही वाईट वाटत नाही.

प्रत्यक्ष तपासणी दहा-बारा मिनिटांची. चेसिस नंबर जुळवला, लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर बघितले, एक चक्कर मारून ब्रेक बघितला. साहेब नीट बोलले, पण गाडीखाली कोणी वाकलं नाही. तो चिरलेला होस तसाच ठेवून नेली असती तरी बहुतेक पास झाली असती.

इन्शुरन्स मी फक्त थर्ड पार्टी घेतला, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान कंपनी भरते, आपल्या गाडीचं आपण. इंजिन १०६१ सीसी, म्हणजे हजाराच्या वर गेलेल्या ६१ सीसीसाठी वरच्या स्लॅबमध्ये, प्रीमियम २०९४ ऐवजी ३४१६, त्यावर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर आणि १८% जीएसटी धरून साडेचार हजारांच्या आसपास. गाडी बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाची) असल्यामुळे पीयूसी दर सहा महिन्यांनी करावं लागतं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, विसरायला होतं.

आता अपघात. जानेवारीच्या शेवटी एका चौकात बाजूच्या गल्लीतून बाइकवाला मुलगा एकदम समोर आला, मी तिशीच्या स्पीडला होते, ब्रेक करकचून लागला तरी बंपरचा धक्का बसलाच आणि त्याचं मनगट मोडलं. त्याला दवाखान्यात नेलं, मग पोलीस स्टेशन. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं मागितलं, आणि पीयूसी मी १२ दिवसांपूर्वीच केलं होतं. पंचनाम्यानंतर आरटीओच्या इन्स्पेक्टरने गाडीची तपासणी केली, आणि त्या रिपोर्टमध्ये ब्रेक व्यवस्थित असं आलं. ते वाचताना मला तो होस आठवला आणि हात थरथरले.

मुलाच्या घरच्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात क्लेम केलाय. नोटीस मला आणि कंपनीला दोघांनाही आली, कंपनीचा वकील हजर राहतो. चूक कोणाची ते तिथे ठरेल, पण थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या इजेला रकमेची मर्यादा नसते (मालमत्तेच्या नुकसानाला साडेसात लाखांची आहे), त्यामुळे त्या मुलाला जे मिळायला हवं ते मिळेल आणि माझं घर विकायची वेळ येणार नाही. आरसी संपली तरी इन्शुरन्स आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, गाडीचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन संपलं होतं म्हणून चोरीचा क्लेम नाकारणं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये योग्य ठरवलंय.

माझा बंपर आणि हेडलाइट ११ हजार, खिशातून. कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचंही नुकसान भरणारी) पॉलिसी असती तर? प्लास्टिकच्या पार्टला ५०% घसारा कापतात, वर क्लेममधले पहिले १००० आपणच भरायचे, म्हणजे निम्म्याच्या आसपास हातात आले असते, आणि इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) कोणी देत नव्हतं. तरी गाडी रस्त्यावर उभी राहत असेल तर आग-चोरीचं कव्हर जोडून घ्या, माझी बंद पार्किंगमध्ये असते.

मार्चमध्ये हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली, ७४५ अधिक जीएसटी. पुढच्या महिन्यात पॉलिसी रिन्यू करायची आहे, त्याआधीच्या रविवारी मिस्त्रीकाकांकडे गाडी परत जॅकवर घ्यायचं ठरलंय. त्या मुलाचं प्लास्टर निघालंय, परवा त्याच्या आईचा फोन होता, पेन धरता येतोय म्हणाली.