बिडी अंगणात, की बिडीच बंद?

दम्याचं लेकरू असलेल्या घरात आजोबा बहुधा पहिला मार्ग धरतात: "मी बाहेर जाऊन ओढतो." घरात खाटेवर बसून ओढण्यापेक्षा हे बरंच. पण ओसरी म्हणजे बाहेर नव्हे. दार उघडं असलं की धूर आत येतोच. पंखा लावूनही भागत नाही. वावराच्या धुऱ्यावर ओढली तरी धुराचे कण दुपट्ट्याला, मिशीला चिकटून घरी येतात, आणि नातू धावत येऊन बिलगतो तो त्याच दुपट्ट्याला. म्हणून बाहेरच ओढायची, तर घरापासून लांब. परतल्यावर हात-तोंड धुवा, कपडे बदला. रोज कोण करतं एवढं?

दुसरा मार्ग सोडण्याचा. सुरुवातीचे दिवस चिडचिडीचे जातात. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. लेकरासाठी हाच मार्ग खरा. फक्त बिडी सोडून खर्रा, म्हणजे चघळायची तंबाखू-सुपारी, धरू नका. त्याचा धूर होत नाही, पण तोंडाच्या कॅन्सरचा धोका तुमच्याच गळ्यात पडतो.

चुलीचा धूरही दमा वाढवतो, तेव्हा सारा दोष आजोबांवर ढकलू नये. आणि कुठलाही मार्ग धरा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराचा दम्याचा पंप (इनहेलर) बंद करू नका.