सांबऱ्यावर फ्लॅप अडकला तर: एक्स-प्लेन 12 मधला बिघाडांचा सराव

बेळगावात घरबसल्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांनी एक्स-प्लेन 12 हा फ्लाइट सिम्युलेटर घ्यावा तो त्यातल्या बिघाडांच्या यादीसाठी. घाटावरचे ढग काय, दोन दिवसांत जुने होतात. डावा फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची, उतरताना बाहेर काढायची झडप), उजवा फ्लॅप, फ्लॅप हलवणारी यंत्रणा, जे हवं ते वेगवेगळं बंद पाडता येतं. ठरावीक उंचीवर, ठरावीक वेगाला किंवा अवचित. शिकायचं असेल तर अवचितच ठेवा.

विमान बोइंग 737-800, तापमान 30 अंश, उतरायचं बेळगावच्या विमानतळावर, सांबऱ्याला. फ्लॅपची लिव्हर 1 च्या खाचेवर नेली, फ्लॅपचा काटा शून्यावरच. आधी लँडिंग सोडा, वेग धरून ठेवा, वर जाऊन घिरट्या घाला, मग चेकलिस्ट उघडा. डाव्या-उजव्या फ्लॅपचे काटे फाकले असतील तर फ्लॅप हलवणाऱ्या पर्यायी इलेक्ट्रिक मोटरला हात लावायचा नाही; त्या मार्गात असमतोल ओळखून फ्लॅप थांबवणारी सोयच नसते. दोन्ही काटे एकाच जागी असतील तर मोटर वापरायची, 230 नॉटच्या आत. फ्लॅप 15 वर यायला दोनेक मिनिटं लागतात. एक मेख आहे: या मार्गानं बाहेर काढलेले स्लॅट, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या, त्याच मार्गानं परत आत घेता येत नाहीत. दुसरीकडे जायचं असेल तर ते तिथं पोचल्यावर काढा, नाहीतर वाटेत इंधन भरमसाठ जळेल.

आणि मोटरनंही काही हललं नाही तर? फ्लॅप 40 वर, म्हणजे पूर्ण उघडे, असताना उतरायचा वेग 135 नॉट धरा. स्लॅट-फ्लॅप काहीच नसेल तर त्यात 55 मिळवा: 190. सांबरा सुमारे 2500 फुटांवर, त्यात उकाडा, म्हणजे हवा विरळ. वारा पडलेला असला तरी जमिनीवरचा वेग 203 च्या घरात. टायरची मर्यादा 195! धावपट्टी 2300 मीटर, आणि ब्रेकनं गिळायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट. नुसते स्लॅट आले असतील तर 40 मिळवून 175, म्हणजे जमिनीवर 188. बसतं, पण काठावर. त्यापेक्षा गोव्याचा दाबोळी विमानतळ गाठा: हवाई अंतर शंभरेक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून जेमतेम 56 मीटर उंच, धावपट्टी 3400 मीटरच्या वर.

उणं म्हणाल तर स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर पंखाची ओढ हाताला कळत नाही. ॲडऑन (सिम्युलेटरला जोडायचं वेगळं विमान) घेताना त्यात पर्यायी फ्लॅपचे स्विच खरंच चालतात का, ते आधी विचारा. आणि टेकताना नाक जास्त उचलू नका. फ्लॅपशिवाय ते आधीच वर असतं, शेपटी घासते.