थाय डंपलिंग सूप: विकतचं काय, घरचं काय?

या सुपात वेळ खाणाऱ्या गोष्टी दोनच: लाल करीचं वाटण आणि डंपलिंग. दोन्ही घरी करायला घेतलंत तर अख्खा रविवार गेला. दोन्ही विकत आणलंत तर वीस मिनिटांत सूप तयार. बरेच जण वाटण हौसेने घरी करतात आणि फ्रोझन मोमो आणतात. मीही दोन पावसाळे तेच केलं. आता बरोब्बर उलट करते.

एक आधीच सांगते. थायलंडमध्ये डंपलिंगचं जे सूप गाड्यागाड्यांवर मिळतं, ते ‘किआव नाम’, चिनी वळणाचं आणि नितळ. लाल करी आणि नारळाच्या दुधातलं आपलं हे सूप नुसतं थाय धाटणीचं. त्यामुळे अस्सलपणाचा ताण घेऊ नका, चवीचा घ्या.

वाटणात सुक्या लाल मिरच्या, लसूण, छोटे कांदे, गवती चहा, गलांगल (आल्यासारखं दिसणारं मूळ) आणि माक्रुत या खडबडीत सालीच्या थाय लिंबाची साल असते. मंडईत गवती चहा हवा तेवढा मिळतो, पण जुडीत असतात ती पानं. वाटणाला लागतो खालचा जाड पांढरा बुंधा, तो बहुधा कुंडीत लावला असेल तरच हाती येतो. ताजं गलांगल आणि ते लिंबू एकाच दिवशी मिळवायचं म्हणजे पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये तीन दुकानं. गलांगलऐवजी आलं घातलं की वास लगेच आपल्या रश्शाकडे वळतो. माझं पहिलं वाटण मिक्सरमध्ये फिरेना म्हणून मी पाणी घातलं. परतायला घेतलं तर तेल सुटायच्या ऐवजी ते रटरट शिजायला लागलं. चव म्हणाल तर मिसळीच्या कटाला गवती चहाचा काढा पाजल्यासारखी. घरच्यांनी सभ्यपणे खाल्लं.

बाटलीतल्या थाय लाल करी पेस्टमध्ये हे सगळं जागच्या जागी असतं. कॅम्प, औंध, कोरेगाव पार्ककडच्या मोठ्या दुकानांत ती सहज मिळते. चौघांना दोन टेबलस्पून पुरते. शाकाहारी असाल तर घटकांची यादी वाचाच, कारण मूळ पेस्टमध्ये कोळंबीची चटणी असते. मीठही भरपूर असतं, म्हणून सोया सॉस चव बघूनच घाला.

नारळाच्या दुधाबद्दल फार घोळ नको. सोलकढीला ताजंच हवं, इथे २०० मिलीचा खोका चालतो. ताजं दूध खळखळून उकळलं की फुटतं. खोक्यातल्या दुधात बहुधा ते एकजीव ठेवणारे घटक असतात, त्यामुळे सहसा फुटत नाही. थोड्या तेलात पेस्ट परता, वास सुटला की दूध, तीन कप पाणी, चिमूटभर गूळ.

आता डंपलिंग. फ्रोझन मोमोचं आवरण वाफेसाठी केलेलं आणि बहुधा जाड. सुपात उकळलं की जिथे चुण्या असतात तिथे ते फुगतं आणि तोंडात मैद्याचा गोळा येतो. एकदा मी पाकीट दुपारीच बाहेर काढून ठेवलं. संध्याकाळी बारा मोमोंचा एक मोमो झाला होता. फ्रीजरमधून थेट वाफेवर, हाच त्यांचा रस्ता. तुळशीबागेतलं मोदकपात्र इथे झकास चालतं. वाडग्यात आधी मोमो ठेवायचे, वरून सूप ओतायचं.

घरच्याला जास्त वेळ लागतो, पण फरक पहिल्या घासाला कळतो. एक कप मैदा गार पाण्याने घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पारी मोदकासारखी, मध्ये जाडसर, कडेला पातळ. पण कळ्या पाडत बसू नका, करंजीसारखी मिटा, आतली हवा दाबून काढा. वीसेक होतात. सारण २०० ग्रॅम चिकन खिम्याचं, नाहीतर पनीर आणि मीठ लावून पिळलेल्या कोबीचं.

आणि आता खरी गंमत. मंडईतली कोथिंबीर मुळांसकट येते आणि आपण ती मुळं कचऱ्यात टाकतो. थाय स्वयंपाकात तीच मुळं लसूण आणि मिऱ्यांबरोबर कुटून सारणात घालतात. पाच-सहा मुळांची माती नखाने खरवडून काढा, दोन-तीनदा धुवा, खलबत्त्यात चार लसूण पाकळ्या आणि दहा मिऱ्यांबरोबर ठेचा. पहिल्याच ठोक्याला जो वास येतो तो पानांना नाही आणि कुठल्या पाकिटातल्या मोमोलाही नाही. बाटलीतून न मिळणारी गोष्ट पुण्यात जुडीबरोबर फुकट येते, म्हणून माझी मेहनत मी इथे खर्च करते.

उकळताना वेगळं पाणी घ्या, नाहीतर मैद्याने सूप गढूळ होतं. डंपलिंग वर तरंगली की आणखी दोन-तीन मिनिटं.

ऑफिसमधून आठला घरी येत असाल, तर आज मोमोच आणा, पेस्टही बाटलीतली. घरात दोघं जण तासभर मोकळे असाल तर एकाने लाटावं, दुसऱ्याने भरावं. जास्तीची डंपलिंग ताटात सुटी सुटी ठेवून गोठवा, मग पिशवीत भरा. पुढच्या मंगळवारी तुमचंच फ्रोझन पाकीट तयार.

लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच पिळा. सूप उरलं तर त्यातली डंपलिंग रात्रीच संपवा, सकाळपर्यंत त्यांचा लगदा होतो. नुसतं सूप दुसऱ्या दिवशी गरम आंबेमोहर भातावर घ्या. आमच्याकडे त्यासाठी ते मुद्दाम जास्त होतं.