चार एकरांवरील सौर झटका कुंपण : दोन हंगामांनंतरचे मत

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या चार एकरांत तूर आणि हरभरा पेरला की मळणीपर्यंत रात्री राखणीसाठी जागलीला जाणे ठरलेलेच असे, कारण रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधालगतच्या ओळी उकरून टाकतो आणि उरलेले शेंडे रोही (नीलगायी) खुडतात. आधी काटेरी तार लावून पाहिली, पण डुकरे खालून माती उकरून आत शिरत, रोही वरून उडी घेत, आणि एकदा तर आमच्याच गाईची कास त्या तारेने फाटली. विणलेली जाळी पक्की असते. मात्र साडेपाचशे मीटरच्या घेराला तिचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून पाच पदरी सौर झटका कुंपण घेतले.

कुंपणाचे सौरऊर्जेवर चालणारे यंत्र तारेत साधारण सेकंदाला विजेचा एक ठोका सोडते. दाब काही हजार व्होल्टचा असला तरी ठोका इतका क्षणिक असतो की जनावर दचकून मागे फिरते, दगावत नाही. घरची वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे, त्याने माणसे मेली आहेत, आणि या कुंपणाशी त्याची तुलनाही होऊ नये.

माझी खरी तक्रार जोडणीविषयी आहे. विक्रेत्याच्या माणसाने अर्थिंगची, म्हणजे झटक्याची वीज जमिनीतून यंत्राकडे परत आणणारी, एकच सळई ठोकली आणि ती कोरड्या धुऱ्यावर (बांधावर). उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली तसा झटका इतका मंदावला की तारेला नाक लावूनही डुक्कर हलेना. पुढे विहिरीजवळच्या ओलीत तीन जस्ती सळया अंतराअंतराने ठोकून जोडल्या, तेव्हा कुठे टेस्टरवर पूर्ण दाब दिसला. खालची तार नऊ इंचांवर हवी, कारण डुकराच्या अंगावरील राठ केसांमुळे झटका नीट लागतो तो त्याच्या ओल्या नाकालाच. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की वीज जमिनीत मुरते, त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी तारेखालचे गवत कापावे लागते. हे काम जमणार नसेल त्याने हे कुंपण घेऊ नये.

वनालगतच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. खरेदीपूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. यंदा हरभऱ्यात डुकरे शिरली नाहीत. रोही मात्र दोनदा वरून आले, म्हणून पेरणीआधी सहावा पदर चढवणार आहे.