बार्न की कुरण? शेतावर ओल्ड-टाइम बँड बोलावताना

नॉर्थ कॅरोलायनात ज्यांनी शेत घेतलंय, किंवा ज्यांची शेतवाल्या शेजाऱ्याशी गट्टी जमलीय, त्यांच्यात सप्टेंबर उजाडला की बेत शिजू लागतो. ओल्ड-टाइम, म्हणजे अमेरिकेतलं जुनं ग्रामीण लोकसंगीत वाजवणारा, फिडल (व्हायोलिन), बॅन्जो, गिटार आणि डबल बास असा चौघांचा ताफा बोलवायचा, येणाऱ्याने एकेक पदार्थ आणायचा आणि अंगतपंगत करायची. इथवर एकमत होतं. गाडं अडतं ते जागेवर: बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या मोठ्या कोठारात, की उघड्या कुरणात?

आधी या संगीताला काय मानवतं ते बघा. ब्लूग्रास या त्याच्या जवळच्या प्रकारात एकेक वादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो. ओल्ड-टाइममध्ये सगळे मिळून तीच धून फिरून फिरून वाजवतात, तीही एकमेकांकडे तोंड करून. याच राज्यातल्या मेबेनचे कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन 2012 मध्ये गेले. ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या बँडची मंडळी त्यांच्या घरी जाऊन, शेजारी बसून ही वादनं शिकली आणि पुढे 2011 मध्ये ग्रॅमीपर्यंत पोचली. हे संगीत तेवढ्याच अंतरावरून ऐकायचं. माझं झुकतं माप बार्नला आहे ते त्यामुळेच.

लाकडी भिंती आवाज बाहेर सांडू देत नाहीत. पन्नास-साठ माणसं असतील तर माइक लागत नाही, साउंडवाला लागत नाही आणि तो पैसा बँडच्या हातात जातो. मात्र बार्न कुठला, ते बघा. तंबाखू वाळवायची जुनी बार्न फोटोत छान दिसतात, पण ती उंच आणि चिंचोळी. माणसं बसवायला निरुपयोगी. ट्रॅक्टर ठेवायची रुंद शेड त्याहून बरी. पत्र्याचं छप्पर असेल तर जोराच्या पावसात बॅन्जोसुद्धा ऐकू येत नाही, हे गृहीत धरा. आणि गवत! त्याच्या गठ्ठ्यांवर बसायची हौस सगळ्यांना असते. गोधडी न टाकता बसलं की पाच मिनिटांत टोचायला लागतं, धुळीने शिंका सुरू होतात त्या वेगळ्याच. वाळलं गवत असेल तिथे कंदील, मेणबत्त्या, सिगारेट काहीही नको. शेगड्या लांब, बाहेर. दोन्ही बाजूंचे दरवाजे सताड उघडे हवेत, त्यांच्यासमोर गाड्या नकोत.

कुरणाची बाजू अशी, की शंभर-सव्वाशे माणसं मावतात, पोरं हुंदडतात आणि प्लायवुडचे दोन तक्ते टाकले तर पायांनी ठेका धरून नाचणाऱ्यांची सोय होते. पण उघड्यावर फिडलचा आवाज हवेत विरतो. बँडची पाठ एखाद्या भिंतीकडे करा, सगळ्यांच्या मध्ये एकच चांगला कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) ठेवा. जनरेटर लागणार असेल तर तो जितका लांब नेता येईल तितका न्या. दुपारच्या उन्हात वाद्यांच्या जोडांचा सरस मऊ होतो, तर संध्याकाळी दव पडलं की कातड्याने मढवलेल्या बॅन्जोचा सूर उतरतो. म्हणजे डोक्यावर आडोसा दोन्ही वेळी हवा. शिवाय जमिनीवर सतरंजी अंथरण्यापूर्वी फायर अँट या जहाल चावणाऱ्या मुंग्यांची वारुळं बघून घ्या. एकदा चावल्या की गाणं राहतं बाजूला. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर कुरणात पार्किंग नकोच, गाड्या रुततात.

जेवणाचा हिशेब दोन्हीकडे तोच, फक्त उन्हात घड्याळ जोरात पळतं. नासणारा पदार्थ बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचा नाही. 32 अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला तर एकच तास. दहीभात आणि बटाट्याचं सॅलड बर्फाच्या ट्रेवर, गरम पदार्थ 60 अंशांच्या वर. साबुदाण्याच्या खिचडीवर ‘शेंगदाणे आहेत’ अशी ठळक चिठ्ठी लावा. ॲलर्जी असलेल्याला ते नुसतं बघून कळेलच असं नाही. मुलं शेळ्यांना हात लावून थेट ताटाकडे येतात, तेव्हा साबण-पाणी वाटेतच हवं, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. जेवण आधी, वादन नंतर. आणि वादकांची ताटं सगळ्यात आधी बाजूला काढा, नाहीतर त्यांच्या वाट्याला फक्त चिप्स उरतात.

तिकीट लावण्यापेक्षा बँडसाठी ऐच्छिक वर्गणीची पेटी ठेवलेली बरी. तरीही शेताच्या विम्यात असा कार्यक्रम बसतो का, हे एजंटला लेखी विचारा, कारण पाहुण्याचा पाय मुरगळला की ‘ऐच्छिक’ला फारसा अर्थ उरत नाही.

तर साठाच्या आत माणसं असतील तर वादन बार्नमध्ये आणि जेवण बाहेर झाडाखाली. शंभराच्या पुढे गेलात तर कुरण, पण बार्नच्या भिंतीला लागून. मधल्या आकड्यावर अडकला असाल तर मी स्पीकर भाड्याने आणण्यापेक्षा यादीला कात्री लावेन. काहीही पक्कं करण्याआधी बँडला दोनच प्रश्न विचारा: माइकशिवाय वाजवाल का, आणि डबल बास घेऊन गाडी कुठपर्यंत आणायची?