आठ महिन्यांच्या वापरानंतर: सतरा अवजारांचा लॉक पिकिंग संच आणि पारदर्शक कुलूप

काळ्या रेक्झिनचं पाकीट, त्यात सतरा अवजारं, सोबत पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप आणि दोन किल्ल्या. किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा छंद लागलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा हाच संच मागवतो. आठ महिने, रोज साधारण अर्धा तास वापरल्यावर निकाल असा: सतरापैकी तीन अवजारं कामाची, पारदर्शक कुलूप दोन दिवसांपुरतं, आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे टेन्शन रेंच (कुलपाला पीळ द्यायची पट्टी), तीच या संचात सगळ्यात कच्ची.

आधी पिनच्या कुलपात काय घडतं ते, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी त्यावरच उभ्या आहेत. किल्ली ज्यात शिरते तो पितळी गाभा म्हणजे प्लग. त्यावर एका ओळीत चार-पाच-सहा भोकं. प्रत्येक भोकात खाली की-पिन, तिच्यावर ड्रायव्हर पिन, त्यावर स्प्रिंग. ड्रायव्हर अर्धी प्लगमध्ये आणि अर्धी बाहेरच्या अंगात असते, म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा प्लगच्या काठाशी, शिअर लाइनवर येतो आणि प्लग मोकळा होतो. लिनस येल यांनी १८६०च्या दशकात पेटंट घेतलेली ही रचना आजही तीच आहे. किल्लीशिवाय हे जमतं, कारण भोकं कधीच तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत. प्लगला हलका पीळ दिला की ज्या पिनचं भोक केसभर सरकलेलं असतं ती एकटी आधी आवळते. ती उचलली की टक् होतं, प्लग केसभर फिरतो, आणि आवळायची पाळी दुसरीवर येते. क्रम समोरून मागे असाच असेल असं नाही. चौथी, पहिली, तिसरी, पाचवी, दुसरी असाही येतो.

आता पारदर्शक कुलूप. पिन कशी उचलली जाते आणि जास्त उचलली तर की-पिनच शिअर लाइनच्या वर जाऊन कशी अडकते, हे डोळ्यांनी बघायला ते उत्तम. पण प्लास्टिकमधली भोकं सैल असल्याने पिना आवळतात कमी आणि डुगडुगतात जास्त. रेक, म्हणजे नागमोडी टोकाचं अवजार, दोनदा खसाखसा फिरवला की ते उघडतं आणि आपल्याला जमलं असं वाटतं. तो ‘टक्’ बोटांना ओळखू येणं हीच खरी शिकवणी, ती इथे होत नाही. सवय डोळ्यांना लागते, आणि खऱ्या कुलपात डोळ्यांना काही दिसत नाही.

टेन्शन रेंचबद्दल जरा सविस्तर. संचात पाच आहेत. पाचही पट्ट्या किल्लीच्या खाचेच्या खालच्या बाजूने घालायच्या, आणि तीन इतक्या रुंद की हुक, म्हणजे पिना उचलायचं वाकड्या टोकाचं अवजार, हलवायला जागाच उरत नाही. दोन पट्ट्या पिळाखाली लवतात, म्हणजे बोटाचा जोर प्लगपर्यंत पोचण्याआधी पट्टीतच जिरतो आणि प्लग केसभर हलला तरी कळत नाही. वरच्या बाजूने घालायची सपाट ताठ पट्टी हवी. साधारण १ मिलिमीटर जाडीची, टोक खाचेच्या तोंडात घट्ट बसणारं, पण पहिल्या पिनला न लागणारं. ही घरीही करता येते. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात स्टीलच्या दोन पट्ट्या असतात, गॅरेजवाला त्या फुकट देतो. दोन पकडींमध्ये धरून हळूहळू काटकोनात वाकवायची, एका झटक्यात वाकवली तर कोपऱ्यावर चीर जाते. मग टोक कानशीने थोडं थोडं घासत कुलपात घालून बघायचं. फार घासलं तर पट्टी खाचेत डुगडुगते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पीळ किती द्यायचा? मोबाइलच्या बाजूचं बटण दाबायला लागतो त्याहून कमी. नवशिक्यांच्या दहापैकी नऊ अडचणी जास्त पिळाच्या असतात. सगळ्या पिना दगडासारख्या लागत असतील तर पीळ जास्त आहे, सगळ्या स्प्रिंगसारख्या उसळत असतील तर कमी. वाकलेलं हुकसुद्धा बहुतेक वेळा जास्त पिळाचंच लक्षण: पिन घट्ट आवळलेली, म्हणून ती उचलायलाही जोर लावला गेला. स्टीलला नावं ठेवण्याआधी आपला दुसरा हात तपासावा.

उरलेल्या बारांपैकी छोटं हुक, मध्यम हुक आणि सापाच्या आकाराचा रेक, एवढी तीनच हातात टिकली. बाकी तऱ्हेतऱ्हेचे नागमोडी रेक आणि दोन्ही टोकांची गोळेवाली अवजारं पाकिटातच राहिली. व्हर्नियरने मोजलं तर पानाची जाडी ०.८ मिलिमीटर भरली. सर्वसाधारण कामाला ०.६ पुरते, आणि अरुंद, वाकड्यातिकड्या खाचेच्या कुलपांना ०.५ किंवा त्याहूनही पातळ पान लागतं. कडा साच्यातून कापल्या तशाच खरबरीत, त्या पिनला घासतात आणि बारीक स्पर्श झाकून टाकतात. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून ६०० आणि १००० पर्यंत घासलं आणि नखावरून फिरवताना ओरखडा येईनासा झाला, तेव्हा तेच हुक वेगळं वाटायला लागलं. हा अर्धा तास पहिल्याच दिवशी द्यावा.

आणि मग खरं कुलूप. हार्डवेअरच्या दुकानातून दरवाजाच्या मॉर्टिस लॉकचा सुटा सिलिंडर आणावा. ‘कॉम्प्युटर किल्लीचा नको, साध्या दातांचा द्या’ असं स्पष्ट सांगावं, कारण खळग्यांच्या किल्लीच्या सिलिंडरला ही हुकं उपयोगाची नाहीत. सिलिंडर घेण्याचं कारण म्हणजे तो उघडून पिना कमी-जास्त करता येतात. पितळी पॅडलॉक बहुतेक असे सुटे करताच येत नाहीत.

हे काम मोठ्या ताटात पांढरा टॉवेल अंथरून करावं. प्लगच्या मागची क्लिप बारीक स्क्रू-ड्रायव्हरने काढताना वर अंगठा ठेवावा, नाहीतर ती उडून कपाटाखाली जाते. मग किल्ली घालून प्लग दहा-पंधरा अंश फिरवायचा आणि मागून फॉलोअर, म्हणजे प्लगच्याच जाडीचा गोल दांडा, प्लगला चिकटवून ढकलत प्लग पुढून बाहेर घ्यायचा. जाडी सिलिंडरप्रमाणे साधारण १३ मिलिमीटर असते, आपल्या प्लगला मापून घ्यावी. दोघांत फट पडली की ड्रायव्हर आणि स्प्रिंग त्या फटीतून उसळलीच म्हणून समजा. की-पिना ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडाव्यात, प्रत्येकीची लांबी वेगळी असते. पुढे फॉलोअर हळूहळू मागे घेत एकेक ड्रायव्हर-स्प्रिंग चिमट्यात पकडायची. पहिल्या आठवड्यात फक्त एक जोडी ठेवावी, मग दोन, मग तीन. ज्या भोकातली की-पिन काढली त्याची ड्रायव्हर आणि स्प्रिंगही काढायचीच, नाहीतर ड्रायव्हर खाली घसरून प्लग अडकतो. दोन पिनांवर आठवडा घालवणं वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं, पण आवळलेली पिन आणि मोकळी पिन यांतला फरक बोटांना तिथेच कळतो.

उघडल्यावर प्लग एकदम अर्धा फिरवू नये. खाच वर आली की ड्रायव्हर तीत उतरतात आणि प्लग जागीच बसतो. तसं झालंच तर खाचेतून सपाट पट्टी घालून सगळ्या ड्रायव्हर एकदम वर दाबाव्यात आणि प्लग पुढे न्यावा.

जरा बऱ्या कुलपांत ड्रायव्हरच्या जागी मध्ये कंबर असलेली स्पूल पिन येते. अशा वेळी प्लग चक्क काही अंश फिरतो आणि थांबतो. कुलूप उघडलं असं वाटतं, पण उघडलेलं नसतं. तिथे जोर लावला की सगळं गेलं. हुकने एकेक पिन हळू दाबून बघावी. जिच्यावर दाबताना प्लग उलटा फिरायला बघतो ती स्पूल. पीळ किंचित सोडून त्याला मागे येऊ द्यायचं आणि पिन उचलायची. कधी कधी आधी बसलेली एखादी पिन यात खाली पडते, ती पुन्हा बसवायची.

भारतीय खरेदीदाराची मोठी निराशा मात्र वेगळ्याच गोष्टीने होते. घरात सापडणारं जुनं कुलूप बरेचदा लिव्हरचं असतं. अलीगढच्या कारखान्यांतली कितीतरी कुलपं या जातीची, आणि गोदरेजचं नवतालही लिव्हरचंच. त्यात फिरवायला पिनांचा प्लगच नाही. एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या लिव्हर नेमक्या उंचीवर उचलल्या की बोल्ट सरकतो. ओळख सोपी: किल्लीचे दात फक्त टोकाशी असतील तर लिव्हर, पूर्ण लांबीभर कापलेले असतील तर पिन. लिव्हरची कुलपं अभेद्य आहेत असं नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर ए. सी. हॉब्स यांनी चब कंपनीचं लिव्हर कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं होतं. पण त्यासाठीची अवजारं वेगळी, या संचात त्यातलं एकही नाही.

कुलपात खोबरेल तेल घालू नये. थंडीत ते थिजतं, एरवी धूळ धरतं, आणि पिना चिकटल्या की स्पर्शावर विश्वास ठेवता येत नाही. चिमूटभर ग्रॅफाइट पूड पुरते. पावसाळ्यात अवजारं रेक्झिनच्या पाकिटात ठेवली तर ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतात, कोकणात तर हमखास. सुकी पुसून डब्यात ठेवावीत.

या छंदात दोन नियम मोडायचे नाहीत: कुलूप स्वतःचं असावं, आणि ते वापरात नसावं. दुसऱ्या नियमामागे व्यवहार आहे. सरावात पिना झिजतात, क्वचित अवजाराचं टोक आत मोडतं, आणि घराचं दार बाहेरून बंद राहतं. पाकीट बॅगेत घालून रात्रीबेरात्री फिरू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम १२२नुसार सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान योग्य कारणाशिवाय घरफोडीचं अवजार जवळ सापडणं हा गुन्हा आहे, आणि ‘छंद आहे’ हे रस्त्यावर पटवून देणं कठीण. सराव घरात, टेबलावर, सिलिंडर वाइसमध्ये धरून.

आता नव्याने खरेदी करायची झाली तर सतरांचा संच नको. ०.६ मिलिमीटरचं छोटं आणि मध्यम हुक, वरून घालायच्या दोन ताठ पट्ट्या, साध्या दातांचा एक सिलिंडर आणि त्याच्या मापाचा फॉलोअर. रेक नंतर घेतला तरी चालेल.