गांडुळांच्या निरीक्षणाची पारदर्शक पेटी: परीक्षण

गांडुळांचे काम जमिनीखाली चालते आणि बागेत आपल्याला त्याचे परिणामच तेवढे दिसतात. ते काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी बनवलेल्या या पेटीची शिफारस मी एका अटीवर करेन: सोबत येणारी गांडुळे तिच्यात सोडू नयेत.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. अॅक्रिलिकच्या दोन पारदर्शक पत्र्यांमधले अंतर मुद्दाम अरुंद ठेवल्याने गांडुळांची बिळे बाहेरून दिसतात, तळाशी निचऱ्याची छिद्रे आहेत आणि उजेड टाळणाऱ्या या जिवांसाठी काळे आवरण दिलेले आहे. (गांडुळाला डोळे नसले तरी त्वचेतून उजेड जाणवतो, तांबड्या प्रकाशाने मात्र ते फारसे बिचकत नाही, म्हणून पाहताना तांबडा दिवा वापरावा.) सर्वांत मोलाचा आहे तो मधला पडदा. दोन्ही कप्प्यांत माती आणि वाळूचे सारखेच थर भरून, वर गवताचे बी पेरून, एकाच कप्प्यात गांडुळे सोडली, की त्या बाजूच्या थरांच्या सीमा हळूहळू पुसट होतात, गवताची मुळे बिळांच्या आयत्या वाटेने खाली उतरतात आणि घातलेले पाणी लवकर मुरते. दुसऱ्या बाजूचे थर मात्र तसेच राहतात.

सोबतची तांबडी गांडुळे ‘आयसेनिया फेटिडा’ या खतासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीची आहेत. ती पृष्ठभागाजवळ, कुजणाऱ्या पाल्यातच राहतात, त्यामुळे थर मिसळलेले दिसतच नाहीत, आणि माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षरही नसणे ही गंभीर त्रुटी आहे. बागेतल्या ओल्या मातीतून अलगद काढलेली गांडुळे घ्यावीत आणि निरीक्षण संपल्यावर तिथेच परत सोडावीत.

पेटीतल्या गवताच्या पृष्ठभागावर गांडुळांच्या विष्ठेचे छोटे ढीग दिसू लागतात. त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस मुळांना सहज घेता येतात. हिरवळीवर मात्र असे ओले ढीग पायाखाली चिरडले तर खालचे गवत गुदमरते, म्हणून ते वाळल्यावर झाडूने पसरावेत. इंग्लंडमधील अनेक ठिकाणी दर एकरी वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून वर येते, असा अंदाज चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये मांडला होता; पेटीतले ढीग पाहिल्यावर तो आकडा पटतो. गवत किती जोमाने वाढते याचा निष्कर्ष मात्र एवढ्याशा मातीवरून काढू नये.

अरुंद पेटी लवकर सुकते आणि गांडुळे ओलसर त्वचेतूनच श्वास घेतात, त्यामुळे तिला सावलीत ठेवून थोडे थोडे पाणी वरचेवर देणे अत्यावश्यक आहे.